सातवीतला तुकडा

कुणीतरी स्वीडिश संगीतकार आलान पेटरसनच्या सातव्या सिंफनीतला, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेतला, शांत भाग कापून वेगळा लावलाय. वर मथळा काय, तर झोपेसाठी संगीत. ऐकणारे खूश आहेत, कुणाचं काही बिघडलेलं नाही. मला मात्र तेव्हापासून चैन नाही.

तो भाग शांत आहे, हे मान्य. पण तो येतो केव्हा? सिंफनी एका सलग भागाची, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. सुरुवात खर्जात, दबकत. मग तोच छोटा स्वरसमूह पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जास्त वजनाने. ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, खालून ढकलत राहतो, तंतुवाद्यांना श्वास घ्यायला जागा नाही. निम्मी वाट ओलांडल्यावर कुठे व्हायोलिनं ती लांब, साधी धून धरतात. त्यानंतर खळबळ परत येते आणि मग सगळं हळूहळू विरत जातं. त्या धुनीत स्वतःचं असं फार थोडं आहे. तिचं सगळं बळ आधीच्या दाबात आहे. मैफल न ऐकता नुसती भैरवी ऐकावी, तसं झालंय हे.

वाजवणाऱ्यांचीही इथेच परीक्षा असते. आधीच्या चढणीवर कंडक्टरने सगळा जोर लवकर खर्च केला, तर पुढचे आघात नुसता गोंगाट होतात. शांत भागात लय सैल सोडली की धून रडकी होते. गज बदलताना, म्हणजे त्याची दिशा फिरवताना, सगळ्यांनी एकदम बदलला की तिला भेग पडते. प्रत्येकाने वेगवेगळ्या क्षणी बदलायला हवा. 13 ऑक्टोबर 1968 ला स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा ही सिंफनी उभी केली ती कंडक्टर आंताल दोरातीने. पुढच्या वर्षीचं त्याचंच ध्वनिमुद्रण ऐका. तो त्या धुनीपाशी लाड करत थांबत नाही, म्हणून ती आत जाते. दुसरा कंडक्टर, सेगरस्टाम, बराच जास्त वेळ घेतो. तेही सुंदर आहे, पण मला दोराती.

आणि हे सगळं लिहिणारा माणूस कसा होता! स्टॉकहोममधल्या सॉदरमाल्मच्या गरीब वस्तीत वाढला, बाप लोहार. वाद्यवृंदात बरीच वर्षं व्हायोला, व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ, वाजवला. 1950 च्या दशकात संधिवाताने गाठलं आणि बोटं आखडत गेली. घर लिफ्ट नसलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. 1970 मध्ये इस्पितळात गेला तो कित्येक महिने तिथेच, आणि दहाव्या-अकराव्या सिंफनीची सुरुवात त्या खाटेवरच झाली. त्याच्या बायकोबद्दल, गुड्रुनबद्दलही लिहायचं होतं. आज नको.

एवढं सोसून बांधलेल्या गोष्टीतून लोकांनी पाच मिनिटं उचलायची. चाळीस मिनिटं बसायला कुणालाच वेळ नाही. या संगीताबद्दल बोलायला माणूस मिळत नाही, आणि मिळालं तर ते झोपेसाठी ऐकणारं. हे लिहितानाही घशाशी येतंय.

पण मग त्याची ‘अनवाणी गाणी’ आठवली. 1943 ते 45 मधली, शब्दही त्याचेच, चोवीस छोटी गाणी. बहुतेक दोन-तीन मिनिटांत संपणारी. आणि त्यांना त्याने स्वतः काय केलं? त्यांतलंच एक गाणं सहाव्या सिंफनीत नेलं आणि शेवटचा प्रचंड लांब भाग त्याच्यावर उभा केला. दुसरं एक, कुरणातून चालणाऱ्या प्रभूचं, दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेत नेलं, जो व्हायोलिनवादक ईडा हेंडेलने 1980 मध्ये पहिल्यांदा वाजवला. म्हणजे तुकडा मूळ जागेवरून उचलणं त्याला परकं नव्हतंच. फरक इतकाच की त्याने छोट्याभोवती मोठं बांधलं, आणि इथे मोठ्यातून छोटं काढलंय. फरक आहेच. तो मी सोडत नाही.

रागही त्याला ठाऊक होता. 1975 मध्ये स्टॉकहोमच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने अमेरिका दौऱ्याच्या कार्यक्रमातून हीच सातवी वगळली, तेव्हा त्याने त्यांना आपलं संगीत कायमचं बंद केलं. पुढच्या वर्षी बंदी उठली. त्याचा कायमचा राग जर एवढाच टिकला, तर मी कुठवर धरून बसू?

तो तुकडा ऐकून एखाद्याला पुढे काय आहे असं वाटलंच, तर सरळ पूर्ण सातवीवर जाऊ नये. आधी चार-पाच अनवाणी गाणी, आवाज आणि पियानो एवढंच. मग दोरातीची सातवी, मध्ये न थांबता. मग सहावी, तासाभराची. गाणं कानात असलं की तिचा शेवट ओळखीचा वाटतो. आठवी दोन भागांची, तिची सुरुवात सातवीपेक्षा जास्त जवळ घेते. नववी सत्तर मिनिटांच्या आसपास, पुन्हा सलग. ती इतक्यात कुणाला सांगणार नाही.