कॅटॅलिस्टवर गॅस किती बसतो ते मोजलं, माझा अनुभव

एमएस्सी झाल्यावर महापे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये लागले आणि पहिलंच काम आलं गॅमा अल्युमिनाचं (बारीक छिद्रांची पावडर, कॅटॅलिस्टचा धातू हिच्यावर बसवतात), एका ग्रॅमवर नायट्रोजन किती बसतो ते काढायचं, त्यावरून तिचा पृष्ठभाग, म्हणजे सरफेस एरिया, कळतो. माझ्या मते यात सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो डीगॅसिंगवर, म्हणजे पावडरवर आधीच बसलेलं पाणी आणि गॅस काढून टाकण्यावर. जुलै महिना, कोपरखैरणेला लोकलमधून उतरून लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळं ओलं, आणि ही पावडर तर हवेतलं पाणी ओढून घेते, मग छिद्रांत पाणी बसलेलं असलं की नायट्रोजनला जागा कुठून मिळणार? म्हणून व्हॅक्युम लावून ३०० डिग्रीला रात्रभर ठेवली, पण हळूहळू तापवत, घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होऊन पावडर ट्यूबमध्ये वर उडते. सकाळी वजन परत घेतलं. हिशोबात हेच वजन टाकायचं, आधीचं टाकलं तर पाण्याचंही वजन धरलं जातं आणि एरिया उगाच कमी येतो.

पुढचं मशीन करतं. हेलियम सोडून ट्यूबमधली मोकळी जागा मोजतं, कारण तो जवळजवळ चिकटतच नाही, मग लिक्विड नायट्रोजनचा ड्यूअर (थर्माससारखं भांडं) वर येतो, -१९६ डिग्री, आणि थोडा थोडा नायट्रोजन सोडत दर वेळी प्रेशर स्थिर व्हायची वाट बघायची. जेवढा सोडला त्यातून जेवढा मोकळा राहिला तो वजा केला की उरला तो पावडरवर बसलेला. त्यावर १९३८ सालचं ब्रुनाउअर, एमेट, टेलर यांचं समीकरण लावायचं, पी बाय पी-नॉट (नायट्रोजनचं प्रेशर भागिले त्या तापमानाला तो ज्या प्रेशरला द्रव होतो ते प्रेशर) ०.०५ ते ०.३० मधले पॉइंट घेऊन, आणि एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो असं धरून. (झिओलाइटला, म्हणजे खूपच बारीक छिद्रांच्या कॅटॅलिस्टला, ही रेंज डोळे मिटून लावू नका, त्याची बारीक छिद्रं खूप आधीच भरतात.) माझं उत्तर २०० चौरस मीटरच्या आसपास आलं, म्हणजे एका ग्रॅममध्ये दोन हजार स्क्वेअर फुटांच्या वर, घणसोलीतले चार वन बीएचके! खूप आनंद झाला खरं सांगते.

पण त्याच अल्युमिनावर प्लॅटिनम असेल तर हा आकडा प्लॅटिनमबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी केमिसॉर्प्शन, म्हणजे फक्त धातूशी रासायनिक बंधाने चिकटणारा गॅस मोजायचा, आधी हायड्रोजनमध्ये रिडक्शन करून प्लॅटिनम धातूच्या रूपात आणायचं, मग वरचा हायड्रोजन काढून टाकून ३५-४० डिग्रीला कार्बन मोनॉक्साइडचे पल्स (थोडा थोडा ठरावीक गॅस), न चिकटता बाहेर आलेल्या गॅसचे सगळे पीक सारखे यायला लागले की प्लॅटिनमचा पृष्ठभाग भरला. एका प्लॅटिनम अणूवर एक रेणू धरून डिस्पर्शन, म्हणजे एकूण प्लॅटिनम अणूंपैकी किती पृष्ठभागावर आहेत ते, काढलं, आणि रिपोर्टमध्ये हा एकास एक रेशो, डीगॅसिंगचं तापमान आणि वेळ सगळं लिहिलं, तुम्हीही लिहाच, नाहीतर दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत.