आज्जाचा लायटर आणि गळलेला दोन

आमचा आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेला आणि येताना झिप्पो कंपनीचा एक लायटर घेऊन आला. कुणा अमेरिकन ड्रायव्हरशी अदलाबदल केली म्हणे. बदल्यात काय दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. लायटरवर खिळ्याच्या टोकानं त्याचा फौजी नंबर, खाली ‘खाणापूर १९४४’. गावाच्या नावातला ‘न’ तिकडं इटलीतच ‘ण’ झाला.

गेल्या पावसाळ्यात ट्रंकेतून काढला तर चाक जाम. बेळगावात एका दुकानात दाखवला. दुकानदारानं बूड उलटं करून बघितलं. “डुप्लिकेट हाय. पेटंट नंबर २०३२६९५ पाहिजे, हितं २०३६९५ हाय. एक आकडा कमी.” वर पॉलिश मारून चकाचक करून देतो म्हणाला. बाबा दोन दिवस बोललेच नाहीत.

मग मी शोधत बसलो. निघालं उलटंच. युद्धात पितळ दारूगोळ्याला लागायचं, म्हणून झिप्पोनं लायटर पोलादाचे केले, गंजू नयेत म्हणून वर काळा खरखरीत रंग दिला. त्या काळातल्या काही नगांच्या ठशात मधला २ गळलाय. म्हणजे ज्या चुकीमुळं आम्हाला खोटं ठरवलं, ती चूकच त्या काळची! आमच्या लायटरच्या कडांना तो काळा रंग अजून आहे.

दुरुस्ती शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या घड्याळवाल्यानं केली. आतलं यंत्र ओढून काढलं, बुडाचा स्क्रू सोडवला, स्प्रिंग बाहेर आली; चकमक मात्र दमटीनं फुगून नळीत घट्ट बसलेली. रात्रभर तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बारीक ड्रिल बोटांनी फिरवत तिचा भुगा काढला. तासभर लागला. कापूस, वात नवी. रंगाला हातसुद्धा लावला नाही.

“तेवढं घासू नकोस गा,” पैसे घेताना म्हणाला, “अक्षरं जातील की.”

पेट्रोल आम्ही घालत नाही. संध्याकाळी बाबा कट्ट्यावर बसून नुसतं चाक फिरवतात. ठिणगी पडली की झाकण खट्कन बंद.