तुम्ही विचारलंत म्हणून: सह्या करून काय होतं?

"सह्या करून खरंच काही होतं का हो?"

निवेदनांचे मसुदे लिहून देणं, सह्यांची मोहीम कशी चालवायची ते सांगणं हा उद्योग मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे हा प्रश्न सारखा वाट्याला येतो. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. काहींनी काही होत नाही हे आधीच ठरवलेलं असतं, त्यांना माझ्या तोंडून फक्त कबुली हवी असते. दुसरे मात्र हातात पेन घेऊन खरोखरच अडलेले असतात. हे त्यांच्यासाठी.

कटू भाग आधी उरकते. आकडा मोठा झाला की सरकार हलतं, हा समज डोक्यातून काढून टाका. ब्रिटनच्या संसदेच्या संकेतस्थळावर अर्जाला एक लाख सह्या मिळाल्या की तो चर्चेसाठी विचारात घ्यावा लागतो. २०१९ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय रद्द करा, अशी मागणी तिथे आली आणि बघता बघता साठ लाखांवर सह्या झाल्या. सरकारने उत्तर दिलं, 'रद्द करणार नाही'. १ एप्रिलला चर्चाही झाली. पुढच्या जानेवारीत ब्रिटन संघाबाहेर पडला होता.

आता उलटं उदाहरण बघा. १८५५ मध्ये बंगालमधले समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. त्यावर हजारभरसुद्धा सह्या नव्हत्या, ९८७ होत्या. विरोधातल्या अर्जांवर त्याच्या कितीतरी पट. मतमोजणी असती तर विद्यासागरांचं डिपॉझिट जप्त झालं असतं! पण १८५६ च्या जुलैमध्ये कायदा झाला. विरोधकांचा सगळा भार 'शास्त्रात नाही' यावर होता, आणि विद्यासागरांनी पराशर स्मृतीतला श्लोकच काढून पुढे ठेवला होता. शिवाय कायदे करणाऱ्या परिषदेत विधेयक मांडायला जे. पी. ग्रांट तयार होते. मागणीला उत्तर सापडत नव्हतं आणि ती उचलून धरणारा माणूस आत बसलेला होता. सह्या थोड्या असूनही म्हणून पुरल्या.

मग सह्या गोळा करायच्या तरी कशाला? विद्यासागरांनी एकट्याने पत्र लिहिलं असतं तर चाललं नसतं का? माझ्या मते नसतं चाललं. कारण सह्यांचा खरा उपयोग कागद कार्यालयात पोचण्याच्या आधीच झालेला असतो. अर्जाचा पहिला वाचक साहेब नसतो, ज्याच्यापुढे तुम्ही पेन धरता तो माणूस असतो.

हा कागद तुम्ही पाहिलेला आहे. वर मागणी, खाली तक्ता: अनुक्रमांक, नाव, पत्ता, सही. माणूस तो हातात घेतो तेव्हा मागणी वाचत नाही. नजर आधी तक्त्यावर जाते, कोणाकोणाच्या सह्या आहेत ते बघायला. ओळखीचं नाव दिसलं की चेहरा जरा सैल होतो. मग वरचं वाचन, आणि मग प्रश्न. हे देणार कोणाला? माझं नाव त्यांना दिसेल का? आणि हमखास येणारा तिसरा: मागच्या वेळीही सही घेतली होती, त्याचं पुढे काय झालं? या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक कार्यकर्ते गडबडतात, कारण मागच्या वेळी सह्या घेणारे पुन्हा तोंड दाखवायला गेलेलेच नसतात.

पण थांबून ऐकलं तर याच दारात मसुदा सुधारतो. एका रस्त्यावरच्या दिव्यांसाठी केलेल्या अर्जात आम्ही लिहिलं होतं, 'पुरेशी प्रकाशव्यवस्था करण्यात यावी.' भारदस्त वाक्य! रात्रपाळी करून घरी येणाऱ्या एका बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, दिवे आहेत की. दहाला बंद करतात. ते उजाडेपर्यंत चालू ठेवा म्हणा." खांब नकोत, तारा नकोत, खर्चाची मंजुरी नको, फक्त वेळ बदलायची. आम्ही कागद फाडला आणि मागणी एका ओळीत नव्याने लिहिली. पुढे दिवे चालू राहिले. अर्जामुळेच राहिले का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या कामात श्रेय कुणाचं, याची पावती कधीच मिळत नाही. पण 'पुरेशी प्रकाशव्यवस्था' मागितली असती तर 'पुरेशी आहे' असं उत्तर आलं असतं, एवढं नक्की.

मागणी अशी हवी की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल. याचा उत्तम नमुना म्हणून मी नेहमी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या अर्जाकडे बोट दाखवते. मुंबईच्या कापडगिरण्यांमधल्या कामगारांच्या सभा घेऊन, साडेपाच हजार सह्यांनिशी त्यांनी तो फॅक्टरी कमिशनसाठी, म्हणजे कारखान्यांतल्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगासाठी, तयार केला. गिरणी कामगारांची स्थिती सुधारावी, असली मोघम भाषा त्यात नाही. आठवड्यातून रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा. यातली एकेक मागणी घड्याळाने किंवा कॅलेंडरने मोजता येते. मालकाला 'विचाराधीन आहे' म्हणायला फट नाही. ज्याला लिहिता येत नाही अशा कामगारालाही ती ऐकून पाठ होईल, आणि सही असो वा अंगठा, आपण कशाखाली उठवला हे तो घरी जाऊन सांगू शकेल.

तरीही रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. मधल्या काळात अर्ज पुन्हा झाले. शेवटी त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. इतकी माणसं मैदानावर एकाएकी उगवत नाहीत. सह्यांसाठी चाळीचाळीतून फिरलेल्यांना कोणत्या खोलीत कोण राहतं, कोण बोलका आहे, कोण घाबरतो हे सगळं ठाऊक झालेलं असतं. माझ्या लेखी अर्जाची खरी कमाई ती.

न्यूझीलंडच्या बायकांनी तर हा हिशेब फार आधी ओळखला होता. तिथली मताधिकाराची चळवळ दारूबंदीच्या कामातून उभी राहिली. मत नाही तर दारूवाल्यांपुढे आपली डाळ शिजत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. केट शेपर्ड त्यांच्या पुढारी. १८९१ मध्ये त्यांनी नऊ हजारांवर सह्या दिल्या, विधेयक वरच्या सभागृहात पडलं. १८९२ मध्ये सुमारे वीस हजार, पुन्हा काही नाही. १८९३ मध्ये सगळे अर्ज मिळून जवळजवळ बत्तीस हजार. देशभरातून आलेले मुख्य अर्जाचे कागद टोकाला टोक चिकटवले, त्याची सुमारे २७० मीटर लांबीची पट्टी झाली आणि ती झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली. जॉन हॉल या सदस्यांनी ती संसदेत नेऊन मधल्या वाटेवर सोडली. ती उलगडत गेली आणि दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला. नाटकच म्हणा, पण काय नाटक! १९ सप्टेंबर १८९३ ला कायदा झाला आणि संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क स्त्रियांना देणारा न्यूझीलंड हा पहिला स्वशासित देश ठरला.

लोकांच्या लक्षात ती गुंडाळी राहते. मला त्यातली चढती भाजणी महत्त्वाची वाटते. नऊ, वीस, बत्तीस हजार. दर नकारानंतर त्या बायका पुन्हा त्याच दारांत गेल्या. 'मागच्या सहीचं काय झालं' याचं उत्तर त्यांच्याकडे होतं: नाकारली, म्हणून तर पुन्हा आलो.

या मोहिमेला विरोध करणाऱ्यांनीही अर्ज फिरवले होते, दारूच्या गुत्त्यांमधून आणि पैसे देऊन नेमलेल्या माणसांकडून. त्यातल्या काही सह्या खोट्या निघाल्या आणि अर्जाची रया गेली. याहून वाईट फजिती १८४८ मध्ये इंग्लंडच्या चार्टिस्टांची, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांची, झाली. प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारांना वेतन अशा सहा मागण्यांसाठी ते १८३९ पासून अर्ज करत होते. पहिल्यावर बारा लाखांवर सह्या, १८४२ च्या दुसऱ्यावर तेहतीस लाखांवर. दोन्ही संसदेने बहुमताने फेटाळले. तिसऱ्या वेळी त्यांनी सत्तावन्न लाखांचा आकडा जाहीर केला. कारकुनांनी मोजल्या तर वीस लाखही भरेनात, आणि त्यात राणी व्हिक्टोरिया आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्याही 'सह्या'! उरलेल्या लाखो माणसांनी मनापासून केलेल्या सह्या त्या हशात वाहून गेल्या. सहापैकी पाच मागण्या पुढे एकेक करून कायद्यात आल्या, गुप्त मतदान १८७२ मध्ये, सर्व पुरुषांना मत १९१८ मध्ये. पण १८४८ मध्ये सही करणारे किती जण ते बघायला उरले असतील? तक्त्यात एका हस्ताक्षरातल्या दोन सह्या दिसल्या की मी ते पान बाजूला काढते. संख्या कमी झाली तर झाली.

ऑनलाइन अर्जांबद्दल विचारता, तर माझं मत फारसं चांगलं नाही, पण त्याचं कारण लोक देतात ते नव्हे. बोट टेकवून सही होते, कष्ट पडत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही; सही सोपी असावीच. अडचण ही की हजारो जण सही करतात आणि एकमेकांना कधीच भेटत नाहीत. उद्या पाचपन्नास जणांनी सुनावणीला यायचं म्हटलं तर कोणाला हाक मारायची? नावं, ईमेल त्या संकेतस्थळाच्या मालकाकडे. बातमी व्हायला ते ठीक आहे. पाठपुराव्याला माणसं लागतात.

आणि पाठपुरावा म्हणजे पहिल्यांदा पोच. अर्ज साहेबांच्या हातात देऊन फोटो काढतात आणि सगळे घरी जातात. तो कागद टेबलावरून कुठे गेला हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढचं प्रत्येक पत्र त्या क्रमांकाने सुरू करा. 'योग्य कार्यवाहीसाठी पाठवले' असं उत्तर आलं तर कोणाकडे पाठवलं ते विचारा आणि तिथे जा. भारतात राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका. संसदेच्या समितीकडे जायचं असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो, एवढंच.

दुसरा एक प्रश्न असतो, तो कोणी मोठ्याने विचारत नाही. सही केली तर मला त्रास होईल का? भीती वेडगळ नाही. १६८८ मध्ये इंग्लंडच्या राजाला अर्ज केला म्हणून सात बिशपांवर राजद्रोहाचा खटला भरला होता. ते निर्दोष सुटले, आणि पुढच्याच वर्षी हक्कांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की अर्ज केल्याबद्दल कोणाला अटक करणं वा खटला भरणं बेकायदा आहे. पण कायदा सगळीकडे पोचत नाही. १९०५ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जपानमधले शेतकरी जुन्या काळी छत्रीच्या काड्यांसारख्या गोलाकार सह्या करत, म्हणजे पहिली कोणाची ते कळू नये. पहिली सही करणारा म्होरक्या ठरायचा आणि शिक्षा त्याला व्हायची. ब्रिटिश खलाशांनीही हीच युक्ती वापरली.

म्हणून ज्याची नोकरी किंवा घर खरोखर धोक्यात येईल त्याच्यावर मी सहीची जबरदस्ती करत नाही. तो माहिती देऊ शकतो, मसुदा तपासू शकतो, तेही काम आहे. बाकीच्यांनी सही जरूर करावी, मात्र मागणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. आणि तक्त्याच्या प्रत्येक पानावर मागणी पुन्हा छापलेली आहे ना, ते बघा. नुसताच तक्ता पुढे करून कोणी "वरचं पान दुसरीकडे आहे, तुम्ही सही तर करा" म्हणालं, तर पेन त्याला परत द्या आणि ते पान घेऊन यायला सांगा.