पानी उतरू दे, मंग ये

पेपरला आलं की हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले, की भुसावळची पब्लिक निघालीच बघायला, मी पण त्यातलाच. त्यामुळे पक्षी बघायला दुर्बीण घेतली तेव्हा पहिल्यांदा तिथंच गेलो, ऑक्टोबर संपत आलेला, धरण काठोकाठ, म्हणलं एवढं पाणी म्हणजे बदकं पण तेवढीच असणार. दोन तासात दिसले चार वारकरी. (पंढरीचे नाही हो, काळा पक्षी असतो, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे.) काठावर जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका माझ्याकडे बघून हसले, म्हणे "पानी उतरू दे, मंग ये."

मला वाटलं टिंगल करताय. पण जानेवारीत वांग्याच्या भरताच्या पार्टीला तिकडच्याच एका शेतात गेलो, कळण्याची भाकर हाणून सहज काठावर चक्कर मारली, तर पाणी मागं सरकलेलं, चिखल उघडा पडलेला आणि त्यावर नुसती जत्रा! तलवार बदक, थापट्या, मधे चक्रवाकाची केशरी जोडी.

मग डोक्यात प्रकाश पडला. तलवार, थापट्या ही मंडळी सहसा बुडी मारत नाहीत, शेपटी वर मान खाली, चोच पोचेल तेवढंच जेवण. भरलेलं धरण म्हणजे त्यांच्यासाठी पंगत मांडलीय पण ताट विहिरीच्या तळाशी. शिवाय पाऊस चांगला झाला की प्रत्येक नाला, पाझर तलाव भरलेला, पक्षी सगळीकडे विखुरतात. आपले गाववाले, म्हणजे हळदीकुंकू बदक वगैरे, पावसाळ्यात पिल्लं घेऊन गवतात दडलेली असतात ती वेगळीच. दुष्काळी सालात उरलेल्या पाण्यावर सगळे गोळा होतात आणि आपण म्हणतो, यंदा बदकं वाढली! वाढली कुठं, जागा कमी झाली. 1987 पासून आशियाभर जानेवारीत पाणपक्षी मोजतात, ते आकडे बघताना पण मी आता आधी विचारतो, त्या साली पाऊस कसा होता. मार्च-एप्रिलमधे हिवाळी पाहुणे हिमालयापलीकडे परत, की काठ सुना.

यंदा धरण मस्त भरलंय. वडील खूश, गव्हाला धरणाच्या पाण्याचं आवर्तन मिळणार. मी मात्र मनातल्या मनात पाणी कधी उतरतं त्याची वाट बघतोय, हे घरात बोललो तर भाकर बंद होईल.