आधी 'जय हे' म्हणून बघा

ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, सकाळी नऊ वाजेपर्यंत कोहरा असायचा आणि त्यातच आमच्या लश्कर भागातल्या शाळेचं गॅदरिंग, म्हणजे स्वेटरवर स्वेटर, अंगणात टेंटवाल्याच्या दऱ्या, मागच्या रांगेत आजी-आजोबा शाली लपेटून बसलेले आणि सगळ्या पोरांच्या खिशात गजक, म्हणजे तिळगुळाची वडी. नाटकं व्हायची, नाच व्हायचे, बक्षिसं वाटली जायची, ते सगळं आठवतंच. पण मला मनापासून काही आठवत असेल तर ते शेवटचं राष्ट्रगीत, आणि ते आमच्या गायनाच्या सरांमुळे.

सर यायच्या आधी काय व्हायचं तर कार्यक्रम संपला की कोणीतरी माइकवर "राष्ट्रगीत" म्हणायचं आणि समोरचा पोरगा तीन तास ओरडून तापलेल्या आवाजात जिथून सुचेल तिथून सुरू करायचा, बहुतेक वेळा पेटीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या काळ्या पट्टीच्या, म्हणजे काळी दोन-तीनच्याही वरून. सुरुवात छान व्हायची हो, पण "जय हे, जय हे" आलं की अर्धी शाळा गप्प, मुलींचे आवाज चिरकायचे, बाप्या माणसांची नुसतीच तोंडं हलायची. मला ते फार वाईट वाटायचं, लहान असूनसुद्धा. सगळा कार्यक्रम आपल्या सगळ्यांचा आणि शेवटचं गाणं मात्र चार जणांचं.

सर माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, तेच जे संगीतज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांच्या मदतीने १९१८ साली ग्वाल्हेरात सुरू केलं. पहिल्याच वर्षी, ८५-८६ असेल, त्यांनी फळ्यावर आख्खं राष्ट्रगीत भातखंडे लिपीत, म्हणजे सुरांच्या लिपीत लिहिलं, खालच्या सुराखाली टिंब, वरच्या सुरावर टिंब, आणि म्हणाले, "बघा रे, यात अवघड काय आहे? सर्वात खालचा सूर मंद्र नी, म्हणजे सा च्या लगेच खालचा, सर्वात वरचा तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा. सप्तकाच्या जेमतेम एक सूर बाहेर. मग लोक का अडकतात? कारण सा चुकीचा धरतात. चालीला हात लावायचा नाही, सा खाली आणायचा."

मग त्यांची ती युक्ती. गाणं सुरुवातीपासून शिकवलंच नाही. "आधी जय हे म्हणून बघा. आला आरामात? आता तिथून पायरी पायरीने खाली उतरा, तो तुमचा सा." सगळ्यांना, शिपाईकाकांनासुद्धा, उभं करून तसं म्हणायला लावलं आणि ज्या सुरावर सगळ्यात जास्त गळे मोकळे झाले तो निघाला पेटीवरचा खालचा काळी पाच. त्या पट्टीवर त्यांनी बाईंकडून मागून घेतलेल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. पुढची सगळी वर्षं राष्ट्रगीताआधी पेटीवर तो सूर चार मात्रा धरला जायचा, मगच "जन गण".

शब्दांवर पण खूप वेळ दिला त्यांनी. आम्ही "उच्चल जलदी तरंग" म्हणायचो, त्यांनी जलधि म्हणजे समुद्र, उच्छल म्हणजे उसळणारा असं सांगितलं आणि एकदा समुद्र दिसला की पुढे कोणी चुकलं नाही. "शुभ आशिस मागे" मधलं मागे म्हणजे पाठीमागे असंच मला चौथीपर्यंत वाटायचं, तर ते आपलंच मागणं निघालं! श्वास कुठे घ्यायचा तेही ठरवून दिलं, "मराठा" नंतर एक, "वंग" नंतर एक. आणि घड्याळ लावून म्हणवून घ्यायचे कारण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागायला हवेत आणि आम्ही "विधाता" ओढत ओढत सव्वा मिनिटावर न्यायचो.

एकदा त्यांनी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलंय, की १९१९ साली रवींद्रनाथ आंध्रातल्या मदनपल्लीच्या कॉलेजात होते, तिथे त्यांनी हे गाणं म्हटलं आणि मुलं कोरसमधे सामील झाली, आणि तिथेच प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स बाईंनी त्यांच्याबरोबर बसून स्वरलेखन केलं. म्हणजे या चालीच्या कागदावर येण्यात सुद्धा शाळा-कॉलेजातली पोरं होती. सर हे सांगताना एकदम खूश व्हायचे.

आमचे आजोबा मात्र वंदे मातरमवाले. गायक मास्टर कृष्णरावांचं नाव काढलं की त्यांना थांबवणं कठीण, कारण मास्तरांनी वंदे मातरम् झिंझोटी रागात बसवलं ते सगळ्यांना एकत्र म्हणता यावं आणि बँडवरही वाजावं म्हणून, थेट दिल्लीपर्यंत गेले ते पटवायला. २४ जानेवारी १९५० ला राष्ट्रगीत जन गण मन ठरलं आणि वंदे मातरम्‌ला बरोबरीचा मान मिळाला. पण एवढा मोठा गवई साध्या माणसाच्या गळ्याचा विचार करत होता याचं मला आजही फार कौतुक वाटतं. सरांची पण तीच धडपड, फक्त एका शाळेपुरती.

माझी शाळेतली मैत्रीण आता अमेरिकेत असते. तिथलं राष्ट्रगीत जवळजवळ दीड सप्तकाचं आहे, भलेभले वरच्या सुराला अडकतात, आणि तिच्या मुलीच्या टीचरने काय सांगितलं तर खालून सुरू कर! तिने लगेच मला फोन केला, "अगं, आपले सर!"

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात पेटीच्या जागी कीबोर्ड होता, वाजवणारा मुलगा एकविसेक वर्षांचा, त्याने आमच्याहून वरचा, पांढरी एकचा सूर दिला. मी आणि अजून तिघीचौघी जागेवरूनच "काळी पाच, खालचा" असं म्हणालो, एकदमच, न ठरवता. त्याने हसून सूर बदलला. माझी आई ८१ वर्षांची, वॉकर धरून उभी होती, तिने तिन्ही "जय हे" पूर्ण म्हटले.