फुली

प्लेसमेंटच्या दिवशी सकाळी साडेसातला आमच्या कॉलेजच्या फाटकावर एक माणूस वही घेऊन उभा असतो. तो मी. पुण्याच्या वेशीबाहेरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात बारा वर्षं हेच काम करतोय, आणि पोरांच्या अंगावर काय असावं याची दीड पानी नियमावलीही माझीच. नेव्ही ब्लू ब्लेझर, पांढरा नाहीतर फिकट निळा शर्ट, काळे लेसचे बूट, पट्टा बुटाच्या रंगाचा, मोजे पांढरे चालणार नाहीत. मुलींना ब्लेझर-ट्राउझर किंवा साडी. साडीवर ब्लेझर घालायचा का, यावर आमची एक अख्खी मीटिंग झाली. चहा दोनदा आला, निर्णय काही झाला नाही.

मोठ्या नावाच्या संस्थांत पोरं बर्मुडा आणि चपलांवर लेक्चरला बसतात, हे मला माहीत आहे. त्यांचं नावच ब्लेझरचं काम करतं. आमच्याकडे येणारा पोरगा सीईटी देऊन, कॅप म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या तिसऱ्या फेरीत, शैक्षणिक कर्ज काढून येतो. मुलाखत घेणाऱ्याला आमच्या कॉलेजचं नाव दोनदा सांगावं लागतं. म्हणून कपड्यांवर एवढा जोर. निदान तेव्हा तरी मी हेच कारण सांगायचो.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मुंबईची एक फायनान्स कंपनी आली होती, तालुक्याच्या शाखांसाठी माणसं घ्यायला. यादीत एकतीस नावं. आठला दहा कमी असताना परभणीचा आला. (आमच्या होस्टेलात पोरांना गावाच्या नावानंच हाक मारतात, मीही तेच करतो.) शर्टाला कडक इस्त्री, टाय नीट, बूट चकचकीत. ब्लेझर नाही.

"कोट कुठाय?"

"सर, बाकी सगळं आहे."

"मी कोटाचं विचारलं."

तो काही बोलला नाही. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी मी म्हणालो आणि वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली. "हो सर," म्हणून तो वळला. हुज्जत घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

साडेदहाला तोच पोरगा परत आला, अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर. खांदे बरोबर बसलेले, खालचं बटण मोकळं सोडलेलं, अगदी मी शिकवलं तसं. मी फुली खोडून बरोबरची खूण केली. खरं सांगतो, मनात म्हटलं, बघा, थोडं कडक वागलं की होतं.

जेवणाच्या सुट्टीत पॅनेलवरच्या बाई माझ्यासमोर बसल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, केस पांढरे होऊ दिलेले. वरणभात कालवता कालवता म्हणाल्या, "सर, तुमची मुलं सगळी एकाच दुकानातून कोट घेतात का?"

"नाही मॅडम, ज्याचा तो आणतो."

"मग तिघांच्या कोटाला मागे तीच फुली कशी?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. रेडिमेड कोटाच्या पाठीमागे खाली जी फट असते, ती दुकानात येईपर्यंत चुरगळू नये म्हणून कारखान्यात दोऱ्यानं फुलीसारखी टाचलेली असते. घेणाऱ्यानं ती कापून टाकायची. आमचा पहिला मुलगा मुलाखत संपवून दाराकडे वळला, तेव्हा बाईंना ती दिसली. दुसऱ्यालाही दिसली, तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नसेल. तिसऱ्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर होत्या आणि मागे तीच पांढरी फुली, एक टोक तसंच उसवलेलं.

"मी विचारलं त्याला, कोट कुणाचा?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मॅडम, सध्या माझा."

बाई हसल्या. मला घास गिळवेना. नऊ वर्षं मी कॉलर बघत होतो, नखं बघत होतो, मोज्यांचा रंग बघत होतो. कुणाला पाठमोरं उभं केलं नव्हतं कधी. आणि केलं असतं तरी फुली ओळखली नसती. माझा एकमेव सूट लग्नातला, सासऱ्यांनी कॅम्पातल्या टेलरकडून शिवून दिलेला. त्यानं टाके स्वतःच काढून दिले होते. (ती फट इंग्रज लोकांच्या घोडेस्वारीपासून आलीय, खोगिरावर कोट दोन्ही बाजूंनी नीट पडावा म्हणून, हेही मला पुढे त्याच टेलरनं सांगितलं. आमची पोरं पीएमपीच्या बसनं येतात.)

कॅन्टीनमागच्या जिन्यात गेलो. तिथं खिडकीच्या गजाला हँगर, हँगरला तो कोट, अस्तर बाहेर काढून वाळत घातलेला. ऑक्टोबरचं ऊन, आत पॉलिस्टर. दोन मुलाखतींचा घाम तिसऱ्याला लागू नये म्हणून ओला नॅपकिन आणि डिओचा डबा. भिंतीला चिकटवलेल्या कागदावर वेळा: आधी चोपडा, मग परभणी, मग जत, मध्ये प्रत्येकी वीस मिनिटं. मुलाखतींचा क्रम मी आदल्या रात्री प्लेसमेंट कमिटीच्या पोरांकडून टाईप करून घेतला होता. त्यांनी या तिघांची नावं बरोबर अंतर ठेवून बसवली होती. ऑपरेशन्सच्या तासाला हे असलं शिकवताना अर्धा वर्ग झोपलेला असतो.

सकाळी एवढंच चुकलं होतं की फाटक आधी लागतं आणि मुलाखत नंतर. ते त्यांच्या हिशेबात नव्हतं. जत उशिरा आला, तोवर चोपड्याचा कोट मोकळा झालेला होता. परभणी मात्र वेळेवर आला, आणि अडकला. नंतरचे अडीच तास तो बाहेर टपरीवर बसून होता. मीच बसवला होता.

कोट चोपड्याचा. लक्ष्मी रोडवरून तीन हजार दोनशेला घेतलेला, मापाचा नंबर चाळीस.

"आणि ती मागची फुली?"

"सर, ती डिझाइन असते ना?"

संध्याकाळी निकाल लागला. परभणीला घेतलं, शाखा नांदेड. जत राहिला. चोपडाही राहिला, कोट त्याचा असून. ड्रायक्लीनिंगचे पैसे तिघांनी वाटून भरले, असं मागाहून कळलं. परभणीनं जास्तीचे द्यायला केले, चोपड्यानं घेतले नाहीत.

त्या आठवड्यात नियमावलीत 'ब्लेझर' या शब्दापुढे मी 'असल्यास' असं लिहिलं. संचालकांनी ते खोडलं. कंपन्या काय म्हणतील, हे त्यांचं म्हणणं. मग ऑफिसच्या कपाटात मी दोन जुने कोट आणून ठेवले, अडतीस आणि बेचाळीस. फाटकावर वहीसोबत कात्रीही ठेवायला लागलो. आता मी प्रत्येकाला वळायला सांगतो. पोरं हसतात, पण वळतात. पहिल्याच दिवशी सात फुल्या निघाल्या.

डिसेंबरात दुसरी कंपनी आली. चोपडा आला, तोच कोट. वळ म्हटलं, वळला. फुली जागच्या जागी, उसवलेलं टोक गाठ मारून पक्कं केलेलं. मी कात्री पुढे केली तसा तो झटकन बाजूला झाला.

"नको सर, राहू द्या."

"अरे, कापायची असते ती."

"माहितेय सर. पण परभणीला लागली ना."

मी कात्री खिशात टाकली.