कार्यशाळेचा लॉग, नोंद ४: इन्स्टॉलेशन वगळलं आणि दिवस हाती लागला

मागच्या नोंदीत हॉल ठरल्याचं लिहिलं होतं: नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेचा वरचा मजला, भाडं लाइटबिलापुरतं. गेल्या रविवारी नवख्यांसाठीची ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरची, कार्यशाळा झाली. नोंदणी ३९ जणांची, आले २६. एवढी गळती धरूनच चाललो होतो, नाहीतर खुर्च्या पुरल्याच नसत्या.

आधी रंगीत तालमीबद्दल लिहिते, कारण खरी अक्कल तिथंच आली. आदल्या रविवारी आम्ही तिघं आयोजक, माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी जमलो. वेळापत्रकात सकाळचे दोन तास लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकायला ठेवले होते. पहिल्याच लॅपटॉपवर मी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं. परत विंडोज सुरू करायला गेले, तर निळा पडदा: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की द्या. लॅपटॉप भाचीच्या मैत्रिणीचा, खातं तिच्या बाबांच्या नावावर, आणि बाबा मनमाडला ड्यूटीवर, फोन बंद. सिक्युअर बूट पुन्हा चालू केल्यावर मशीन निमूट सुरू झालं, पण तोवरची वीस मिनिटं त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता. चूक सर्वस्वी माझी. उबुंटूला सिक्युअर बूट चालू असलेलं चालतं. मी दहा वर्षांपूर्वीच्या सवयीनं हात घातला.

तिथंच ठरलं, नवख्यांच्या डिस्कला हात लावायचा नाही. विंडोज असेल तर विंडोजवरच गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर तयार. लिनक्स नुसतं बघायचं असेल त्यांना लाइव्ह यूएसबी, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. कायमचं टाकून हवं असेल त्यांनी बॅकअप घेऊन वेगळ्या रविवारी यायचं. आमच्यातल्या एकाचा याला विरोध होता, 'लिनक्सशिवाय कसली ओपन सोर्स कार्यशाळा?' तो अजूनही थोडा नाराज आहे.

दुसरा धडा विजेचा. तालमीला बोर्डाला बोर्ड जोडून सगळे लॅपटॉप लावले, त्यातच कुणीतरी चहाची किटली लावली आणि एमसीबी पडला. मग कागद घेऊन बसलो. एक चार्जर ६५ वॅटचा धरला तर २६ चार्जरचे १६९० वॅट होतात आणि ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट देतो. शेवटी एसीसाठीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून निम्म्या हॉलला वेगळी लाइन ओढली. चहा खालच्या टपरीवरून. दिवसभरात एकदाही लाइट गेली नाही.

तिसरी अडचण इंटरनेटची. एकाच वायफायवरून पंचवीस-तीस नवीन खाती उघडायला गेलं की कुठलीही साइट संशय घेते. शिवाय गिटहबवर (गिटचं काम ऑनलाइन ठेवायच्या साइटवर) ऑगस्ट २०२१ पासून पासवर्डनं पुश करता, म्हणजे आपले बदल वर चढवता, येत नाही, टोकन किंवा एसएसएच की अशी वेगळी डिजिटल किल्ली लागते. पहिल्याच दिवशी हे समजावण्यात तास जातो आणि समोरच्याला वाटतं, गिट म्हणजे हेच. म्हणून रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकावर गिटी नावाचा, गिटहबसारखं काम करणारा सर्व्हर बसवला, साधा राउटर जोडला आणि तो डबा खिडकीत ठेवला. ३९ खाती एका छोट्या स्क्रिप्टनं आदल्या रात्रीच तयार. फळ्यावर आयपी पत्ता आणि पोर्ट ३०००, बस्स. बाहेरचं इंटरनेट दिवसभरात लागलंच नाही. ज्यांनी अशी कार्यशाळा घ्यायचं मनात आणलंय, त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी हा परिच्छेद वाचावा.

गिटचा सरावही तालमीनंतर बदलला. आधी एकच फाइल होती, प्रत्येकानं शेवटी आपल्या गावाची एक ओळ घालायची. पहिली ओळ मर्ज झाली, म्हणजे मूळ फाइलीत मिसळली, आणि बाकी सगळ्यांना कॉन्फ्लिक्ट: कुणाचा बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येईना. होणारच, सगळे त्याच जागी लिहीत होते. म्हणून आता सकाळी प्रत्येकाची वेगळी फाइल आणि दुपारी मुद्दाम जोड्या लावून भांडण. दोघांना एकच ओळ दिली: 'नाशिकची सर्वांत चांगली मिसळ'. दोघांनी आपापलं उत्तर लिहून मर्ज करायचं. फाइलमध्ये वर-खाली सात-सात कोनी कंसांच्या (<, >) खुणा आणि मधोमध दोन्ही उत्तरं दिसली की हॉलमध्ये जो गलका झाला, तो कुठल्याही स्लाइडनं झाला नसता. एका मुलानं जोडीदाराचं उत्तर सरळ उडवलं. त्याच्या शेजारणीनं दोन्ही ठेवून मध्ये 'किंवा' घातला.

(जेवायला मात्र मिसळ ठेवली नव्हती. पोळी-भाजी आणि ताक. मिसळ ठेवली असती तर दोन वाजता अख्खा हॉल आडवा झाला असता.)

इतिहासाचं भाषण दहा मिनिटांत उरकलं. १९८३ ला स्टॉलमननी ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली, १९९१ ला लिनक्स आलं, २००५ ला लिनक्सवाल्याच टोरवाल्ड्सनी गिट लिहिलं, झालं. लायसन्सवर, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायच्या अटींवर, मात्र पाऊण तास गेला आणि तो निफाडच्या एका मुलामुळे. मी 'मुक्त' आणि 'मोफत' यांतला फरक सांगत होते. त्यानं विचारलं, "ताई, म्हणजे हे गायरान का?" मी म्हटलं, साधारण. "मग गायरानावर कुणी कुंपण घातलं तर?" जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स याहून सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. बदल करून सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंस, विकलंस तरी चालेल, पण सोर्स (मूळ कोड) त्याच अटींवर द्यायचा, म्हणजे कुंपण घालता येत नाही. एमआयटी लायसन्समध्ये तुझ्या प्रतीला कुंपण घालायला मोकळीक आहे, मूळ रान तसंच उघडं राहतं. यावर मागून कुणीतरी म्हणालं, "पण गायरानातला चारा संपतो." कोड संपत नाही, हे मी सांगायच्या आत त्याच मुलानं सांगितलं.

आणि पंचवटीच्या काकू. निवृत्त शिक्षिका, मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन आलेल्या. मी लिहिलेली मराठी माहितीपुस्तिका त्यांनी उघडली आणि 'दुसऱ्या' हा शब्द शोधला. "अगं, पानावर मला पाच दिसतायत, हे तीनच म्हणतंय." मला आधी वाटलं, त्यांची मोजायची चूक. नव्हती. पुस्तिका मी अर्धी फोनवर आणि अर्धी लॅपटॉपवर टाइप केली होती. एकीकडे ऱ, म्हणजे संगणकाच्या अक्षर-यादीतला (युनिकोडमधला) क्रमांक यू+०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. दुसरीकडे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक यू+२००डी, आणि य. पडद्यावर दोन्हींतला अर्धा र अगदी सारखा, पण संगणकाच्या लेखी हे दोन निरनिराळे शब्द. काकूंनी पाचही एकसारखे केले, ब्रँच (बदलांसाठी वेगळी फांदी) बनवली, कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, संदेश लिहिला: 'दुसऱ्यातला र सगळीकडे सारखा केला'. दिवसातली पहिली मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट ('माझा बदल मुळात घ्या' अशी विनंती) ती. त्यानंतर त्यांनी पुस्तिकेतल्या माझ्या शुद्धलेखनाच्या आणखी चौदा चुका काढल्या, त्यांचं काय ते मी बघतेय.

राहिलेलं: सुरगाण्याच्या दोघांना एसटीसाठी ४ वाजताच निघावं लागलं, जोडीचा सराव त्यांचा अर्धाच झाला. पुढच्या वेळी साडेनऊला सुरुवात. तारीख सप्टेंबरचा तिसरा शनिवार, सॉफ्टवेअर फ्रीडम डेलाच धरू, हॉल मिळाला तर. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून ठेवली आहे, कुणाला हवी असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या. आणि एक काळा वायरलेस माउस माझ्याकडे राहिलाय. त्याचा रिसीव्हर कुणाच्या तरी लॅपटॉपला अजून तसाच लावलेला असणार, बघा जरा.